आजी-आजोबांचे दाखले: नाझी राजवटीतील छळ आणि त्यामागची कागदपत्रे

दप्तरी (धागाकर्ता)

महसूल खात्यात माझी चौतीस वर्षे नोंदी तपासण्यात आणि दाखले देण्यात गेली. त्यामुळे नाझी राजवटीविषयी वाचताना माझे लक्ष वेगळ्याच ठिकाणी जाऊन अडकते. छळछावण्या, विषारी वायूच्या कोठड्या, साठ लाख ज्यूंची हत्या हे सर्वांना ठाऊक आहे. मला पडणारा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. साडेसहा कोटी लोकवस्तीच्या देशात ज्यू जेमतेम पाच लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होते. ते जर्मनच बोलत, जर्मनांसारखेच कपडे घालत, आणि त्यांच्यातील कित्येक जण पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढून पदके मिळवून आले होते. कित्येक घराण्यांनी तर दोन पिढ्यांपूर्वीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. या लोकांना इतरांपासून वेगळे काढले कसे?

हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ रोजी, आणि ७ एप्रिलला ‘व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचा कायदा’ आला. नाव वाचून कोणालाही तो सेवाशर्तींचा कायदा वाटावा. त्याने ‘आर्येतर’ कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढण्याची सोय केली, आणि चारच दिवसांनी निघालेल्या नियमाने आर्येतर कोण ते ठरवले: आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी एक जण ज्यू असला तरी पुरे. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्या सैनिकांना यातून सूट मिळाली. माझ्या मते ही सूट फार घातक ठरली, कारण सरकारजवळ काही तरी न्यायबुद्धी शिल्लक आहे असा समज तिने अनेक वर्षे टिकवला. हिंडेनबुर्ग १९३४ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी ती सूटही गेली.

१५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि ज्यू व जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरवला. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही) की ज्यू कोणाला म्हणावे हे त्या कायद्यांत लिहिलेलेच नव्हते. व्याख्या आली दोन महिन्यांनी, १४ नोव्हेंबरच्या पूरक आदेशात. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असतील तर माणूस ज्यू. दोन असतील तर त्याचा स्वतःचा धर्म आणि त्याचा जोडीदार पाहून निर्णय. एक असेल तर ‘दुसऱ्या दर्जाचा संकरित’. मग आजोबा ज्यू होते हे कशावरून ठरवायचे? ते ज्यू धर्मसंस्थेचे सदस्य होते यावरून. रक्त आणि वंश यांचा एवढा गाजावाजा करणाऱ्या राजवटीजवळ वंश मोजायचे एकही साधन नव्हते. अखेर तिला चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या उघडाव्या लागल्या.

या नोंदवह्यांचे उतारे सगळ्या जर्मनीने मागितले हे लक्षात घ्यावे. नोकरी, लग्न, पक्षाचे सदस्यत्व यांसाठी ज्यू नसलेल्यांनाही आपली वंशावळ सिद्ध करावी लागे. तिच्यासाठी छापील पुस्तिका मिळत. पाद्री आणि नोंदणी कार्यालयातील कारकून वर्षानुवर्षे हे उतारे बिनबोभाट देत राहिले. प्रत्येक उताऱ्यावर शिक्का होता, सही होती, आणि तो खरा होता. मला अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. खोटा दाखला देणाऱ्याला आमच्या खात्यात शिक्षा होते, पण खरा दाखला देऊन माणूस मरणाच्या वाटेला लागतो तेव्हा त्या सहीचे काय करायचे?

पुढील पायऱ्या थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९३८ च्या आदेशाने, ज्यांचे नाव ‘ओळखू येण्याजोगे ज्यू’ नव्हते त्या पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणे सक्तीचे झाले. ऑक्टोबरमध्ये पारपत्रांवर लाल ‘जे’ उमटला. मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या चारही आजी-आजोबांची माहिती वेगळ्या पत्रकावर भरून बंद लिफाफ्यात घेतली गेली. १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूच्या छातीवर पिवळा तारा शिवला गेला. तोवर त्याची खरी गरजही उरली नव्हती. कोण कुठे राहतो हे कपाटात नोंदलेले होते.

या विषयाचा अभ्यास असलेल्या सभासदांनी भर घालावी, ही विनंती.

अबोली

दप्तरी काका, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचा माझ्या व्यवसायाशी संबंधित भाग सांगते. कागदाने माणसे मारण्याची पहिली मोठी तालीम ज्यूंवर झाली नाही. ती जर्मनीच्या मनोरुग्णालयांतील रुग्णांवर झाली.

जुलै १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक ठरवलेल्या आजारांसाठी सक्तीची नसबंदी सुरू केली. त्यासाठी खास न्यायालये होती, त्यांत डॉक्टर बसत, आणि पुढील काळात सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. १९३९ च्या शरद ऋतूत सर्व संस्थांना एक साधा अर्ज पाठवण्यात आला: रुग्णाचे निदान काय, तो किती वर्षे येथे आहे, तो कोणते काम करू शकतो. अर्ज कशासाठी आहे हे सांगितले नव्हते. धडधाकट रुग्णांना मजुरीसाठी नेतील असे काही डॉक्टरांना वाटले, म्हणून आपल्याकडील कामसू रुग्ण हातचे जाऊ नयेत या हेतूने त्यांनी त्यांचा आजार वाढवून लिहिला. तेच रुग्ण आधी गेले.

बर्लिनमध्ये तज्ज्ञ हे अर्ज वाचत आणि रुग्णाला एकदाही न पाहता त्यावर खूण करत: लाल अधिक म्हणजे मृत्यू, निळी वजाबाकी म्हणजे जीवदान. टिअरगार्टनश्ट्रासे क्रमांक ४ या कार्यालयाच्या पत्त्यावरून या मोहिमेला ‘टी-चार’ हे नाव पडले. हिटलरने या हत्यांना परवानगी देणाऱ्या, आपल्या खासगी पत्रकागदावरील पत्रावर ऑक्टोबरमध्ये सही केली आणि तारीख मात्र युद्ध सुरू झाल्याची, म्हणजे १ सप्टेंबरची, घातली. सहा ठिकाणी वायूच्या कोठड्या उभारल्या गेल्या आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत, त्यांच्याच हिशेबानुसार, ७०,२७३ माणसे मारली गेली. त्यांच्या मरणाने अन्नधान्याची किती बचत झाली याचे कोष्टकही या लोकांनी मांडले होते. नातेवाइकांना जे मृत्यूचे दाखले गेले त्यांत कारणे बनावट असत. एखाद्याचे अपेंडिक्स वर्षांपूर्वी काढलेले असताना तो अपेंडिक्सच्या आजाराने गेला असे लिहून येई, आणि अशाच चुकांमुळे कुजबुज वाढली. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी प्रवचनात उघडपणे याला खून म्हटले. त्याच महिन्यात ही मोहीम अधिकृतपणे थांबली, मात्र उपासमार आणि इंजेक्शने यांनी रुग्णालयांतील हत्या युद्ध संपेपर्यंत चालूच राहिल्या.

येथील प्रशिक्षित माणसे वाया गेली नाहीत. बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका येथील मृत्यूच्या छावण्या चालवायला हाच कर्मचारीवर्ग पोलंडला गेला.

रोखठोक

लेख आणि वरील प्रतिसाद दोन्ही अभ्यासपूर्ण आहेत, तरीही माझी हरकत नोंदवतो. कारकून, शिक्के आणि अर्ज यांवर एवढा भर दिला की हा सारा प्रकार कोणा यंत्राने केला असे वाटू लागते, आणि द्वेष बाजूला पडतो. मारल्या गेलेल्या साठ लाखांपैकी जर्मनीतील ज्यू दोन लाखांहून कमी होते. एकट्या पोलंडमधील तीस लाख होते. सोव्हिएत प्रदेशात ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या त्यांच्या आजी-आजोबांचे दाखले कोणी मागितले होते? कीव्हमध्ये सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस भिंतीवर एक सूचना चिकटवली गेली की सर्व ज्यूंनी सोमवारी सकाळी आठ वाजेपर्यंत अमुक चौकात कागदपत्रे, पैसे आणि गरम कपडे घेऊन यावे. लोकांना वाटले, दुसरीकडे वसवायला नेत आहेत. बाबी यारच्या घळईत दोन दिवसांत ३३,७७१ माणसे मारली गेली. तिथे लागल्या त्या बंदुका, आणि कोण ज्यू आहे ते बोटाने दाखवणारे शेजारी.

जर्मनीतही सुरुवात कायद्याने झाली नाही. डाखाउची छावणी २२ मार्च १९३३ रोजी उघडली, तिच्यात आधी कम्युनिस्ट आणि समाजवादी कोंबले गेले. १ एप्रिलला तपकिरी गणवेशातील नाझी टोळ्या ज्यूंच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या. आपण सांगता तो कायदा त्यानंतर सहा दिवसांनी आला. आधी लाठी आणि मग लेखणी असा क्रम आहे.

दप्तरी

रोखठोक यांची हरकत बऱ्याच अंशी मान्य. पूर्वेकडील हत्याकांडाला माझा प्रश्न लागू पडत नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते. बाबी यारचा आकडाही बरोबर आहे. मात्र ३३,७७१ हा शेवटच्या अंकापर्यंतचा आकडा आपल्याला माहीत आहे तो मारेकऱ्यांनीच बर्लिनला पाठवलेल्या अहवालातून. गोळ्या घालून झाल्यावर कोणी तरी बसून मोजणी केली, कोणी टंकलिखित केली, आणि प्रती वेगवेगळ्या खात्यांना गेल्या. लाठी आणि लेखणी एकाच हातात होत्या असे फार तर म्हणू.

क्रमाविषयी बोलायचे तर नोव्हेंबर १९३८ चे उदाहरण घ्या. ९ तारखेच्या रात्री देशभर प्रार्थनागृहे जाळली, दुकाने फोडली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छावण्यांत टाकले. ही लाठी. १२ तारखेला आदेश निघाले: झालेल्या नुकसानीची दुरुस्ती ज्यूंनी स्वखर्चाने करावी, विम्याचे पैसे सरकारजमा व्हावेत, आणि वर एक अब्ज मार्कांचा सामूहिक दंड भरावा. ज्याचे दुकान फोडले त्याच्याकडून काच, विमा आणि दंड अशी तीन वेळा वसुली. ती करायला वित्त खात्याचे नेहमीचे अधिकारी पुरले, त्यांच्यातील अनेक जण १९३३ च्या आधीपासून त्याच खुर्चीवर बसत होते.

याचा शेवटचा टप्पा मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून बाहेर फेरी मारून आलो. २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाप्रमाणे जो ज्यू ‘आपले वास्तव्य परदेशी हलवील’ त्याचे नागरिकत्व संपे आणि मालमत्ता सरकारजमा होई. आता माणसाला पकडून आगगाडीत कोंबून सीमेपलीकडे नेले, की त्याने वास्तव्य परदेशी हलवले! जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने सोळा पानी मालमत्तापत्रक भरायचे, त्यात चमचे, पडदे, चादरी सगळे लिहायचे. सामानाचे लिलाव होत आणि शेजारीपाजारी बोली लावत. रेल्वेखाते या प्रवासाचे भाडे लावत असे. तिसऱ्या वर्गाचे, एकेरी. दहा वर्षांखालील मुलांना निम्मे, चार वर्षांखालील मुले मोफत, आणि चारशेहून अधिक प्रवासी असल्यास गटासाठी सवलत. सहलीला जाणाऱ्यांसाठी जे दरपत्रक होते तेच इथे वापरले गेले.

पाऊलवाट

या धाग्यात अजून रोमा आणि सिंती (ज्यांना जिप्सी म्हटले जाई) यांचे नाव आलेले नाही, ते यायला हवे. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बर्लिन ‘स्वच्छ’ करताना तेथील रोमांना मारत्सान येथे सांडपाण्याच्या शेतांजवळ हलवून पहाऱ्यात ठेवले. त्याच वर्षी रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरच्या संशोधन केंद्राने काम सुरू केले. त्याचे पथक वस्त्यांमध्ये फिरून डोक्याची मापे घेई, रक्त घेई आणि आजे-पणजे विचारून वंशावळी काढी. डिसेंबर १९४२ मध्ये एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने रोमांना आउश्वित्झला धाडण्याचा आदेश दिला, तेव्हा या वंशावळी कामी आल्या. तिथल्या ‘कुटुंब छावणीत’ सुमारे तेवीस हजार माणसे कोंबली गेली, आणि २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक लोकांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे, वायूच्या कोठड्यांत नेऊन ती छावणी रिकामी केली.

रोमांची भाषा आपल्याच भाषाकुळातील आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, डोळ्याला ‘याख’, आणि मोजायला लागले की दुई, त्रिन, श्तार, पांज. आर्य हा शब्द ज्या भाषांच्या अभ्यासातून युरोपात पोहोचला त्यांपैकी एक भाषा घरात बोलणाऱ्यांनाच आर्यत्वाच्या नावाखाली मारले गेले. रिटरला हे ठाऊक होते. त्याने त्यावर तोड काढली की मूळ रक्त आर्य खरे, पण नव्वद टक्क्यांहून अधिक रोमा आता मिश्ररक्ताचे आणि म्हणून गुन्हेगार वृत्तीचे आहेत.

दप्तरी साहेबांच्या मुद्द्याशी जोडून सांगायचे तर युद्धानंतरही कागद त्यांच्या विरोधातच बोलले. जानेवारी १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की १९४३ च्या आधी रोमांवर झालेली कारवाई वांशिक नसून गुन्हेगारी रोखण्यासाठी होती, त्यामुळे त्या काळासाठी भरपाई देय नाही. हा वंशसंहार होता असे जर्मन चॅन्सेलरने, हेल्मुट श्मिट यांनी, मान्य केले ते १९८२ साली.

अबोली

पाऊलवाट, समलैंगिक पुरुषांच्या बाबतीत हेच आणखी लांबले. पुरुषांमधील समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारे कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये कडक केले, त्याखाली सुमारे पन्नास हजार जणांना शिक्षा झाल्या आणि हजारो जण गुलाबी त्रिकोण लावून छावण्यांत गेले. पश्चिम जर्मनीने हे कलम नाझींनी वाढवलेल्या शब्दांसह १९६९ पर्यंत तसेच ठेवले. छावणीतून जिवंत बाहेर आलेल्यांना त्याच कलमाखाली पुन्हा अटक होऊ शकत होती.

जेहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथाची कथा मात्र अगदी निराळी आहे. ते हिटलरला सलाम करत नसत आणि सैन्यात जात नसत. त्यांच्यापुढे छावणीत एक छापील कागद ठेवला जाई: मी हा पंथ सोडला असे लिहून सही करा आणि घरी जा. ज्यूला किंवा रोमाला अशी सही करून सुटण्याची वाटच नव्हती. यांना होती, आणि बहुतेकांनी ती सही केली नाही.

बकुळ

माझा प्रश्न कदाचित भाबडा वाटेल. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे हाताशी असताना हे लोक देश सोडून का गेले नाहीत?

फोर्टातला

बकुळताई, निम्म्याहून अधिक गेले. राहिले त्यांच्यात म्हातारी माणसे आणि स्त्रिया अधिक होत्या. देश सोडताना मालमत्तेच्या पाव हिस्सा पलायनकर भरावा लागे. हा कर मुळात १९३१ मध्ये, हिटलरच्या आधीच्या सरकारने भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून लावला होता. नाझींना तो आयता मिळाला. उरलेल्या पैशाचे परकीय चलन घेताना आणखी कापाकापी होई. एवढे करून घ्यायला कोणी तयार नव्हते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद भरली, जवळजवळ प्रत्येक प्रतिनिधीने हळहळ व्यक्त केली आणि आपल्या देशाची अडचण सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने तर आमच्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची इच्छाही नाही असे बोलून दाखवले. पारपत्रावरील तो ‘जे’ देखील सीमेवर ज्यू ओळखता यावेत या स्वित्झर्लंडच्या मागणीनंतर आला.

थोडे मुंबईविषयी. येथे १९३४ मध्ये ज्यू मदत संघटना स्थापन झाली होती, आणि येणाऱ्याला आपल्या निर्वाहाची हमी देणारा कोणी दाखवावा लागे. आलेल्यांमध्ये संगीतकार वाल्टर काउफमान होते, आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांची मानली जाते. रुडॉल्फ फॉन लायडेन, वाल्टर लांगहामर आणि इमॅन्युएल श्लेझिंगर हे तिघेही नाझींमुळेच मुंबईला आले आणि पुढे हुसेन, रझा, आरा या चित्रकारांच्या पिढीच्या पाठीशी उभे राहिले.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्र असलेल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत टाकले, आणि त्यांत ज्यू निर्वासितही होते. ज्या पारपत्रावर त्यांच्या मायदेशाने ‘हा आपला नव्हे’ असा शिक्का मारला होता त्याच पारपत्रामुळे नगरला ते जर्मन ठरले. चौकशीनंतर अनेकांची सुटका झाली, पण तोवर काही महिने एकाच कुंपणात नाझी पक्षाचे सदस्य आणि त्यांच्यापासून पळून आलेले ज्यू राहत होते.

रोखठोक

नगरची माहिती मला नवीन होती. आता माझी मूळ हरकत थोडी बदलून मांडतो. दप्तरींनी विचारले होते की खऱ्या दाखल्यावरील सहीचे काय करायचे. नकार देणे शक्य होते का, हे पाहायला हवे. युद्धानंतरच्या खटल्यांत जवळपास प्रत्येक आरोपीने सांगितले की हुकूम न मानता तर जीव गेला असता. पण निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून देहदंड झाल्याचे प्रकरण बचावपक्षाच्या वकिलांना दाखवता आले नाही. बदली होत असे, बढती थांबत असे. बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस ज्यूंच्या जर्मन बायका आपल्या नवऱ्यांना सोडवण्यासाठी दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत आणि बहुतेक नवरे सुटले. या सुटकेचे श्रेय किती त्या बायकांना द्यायचे यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, मात्र त्या उभ्या राहिल्या यावर नाहीत.

दप्तरी

बढती थांबत असे, हे आपण लिहिलेत ते बरे केलेत. खात्यातील माणसाला त्या तीन शब्दांचे वजन कळते. मला वाटते बहुतेकांना जिवाची भीती नव्हतीच, भीती होती ती गोपनीय अहवालातील शेऱ्याची.

स्प्रेकाठचा

मी बर्लिनमध्ये राहतो, आणि येथे सर्वांनी कागदाविषयी लिहिले म्हणून एक पाहिलेली जागा सांगतो. शहराच्या पश्चिमेला ग्रुनेवाल्ड हे बंगल्यांच्या वस्तीचे स्टेशन आहे. त्याच्या १७ क्रमांकाच्या फलाटावरून ऑक्टोबर १९४१ पासून ज्यूंना घेऊन गाड्या सुटत. आता तो मार्ग बंद आहे आणि रुळांमध्ये झाडे वाढली आहेत. फलाटाच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत, सुटलेल्या गाड्यांच्या यादीवरून केलेल्या. प्रत्येक पट्टीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली एवढेच कोरलेले आहे. काही पट्ट्यांवर हजारांचे आकडे आहेत. युद्ध संपत आले तेव्हाच्या पट्ट्यांवरील आकडे मात्र इतके लहान आहेत की एका डब्यातही जागा उरली असती. शहर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते, रशियन सैन्य जवळ आले होते, आणि त्या मूठभर माणसांसाठीही कोणी तरी गाडीची वेळ ठरवली, यादी केली आणि तिच्यावर तारीख घातली.

शेवटची पट्टी मार्च १९४५ ची आहे.